ग्यारह नंबरचे शक्करपारे

शक्करपाऱ्यांचा एक वाटा उरला.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्हाला शिकवणाऱ्या हवालदार डुबल उस्तादांनी पोतं अंथरून त्यावर या पलटणी शंकरपाळ्यांचे वीस वाटे मांडले होते. आम्ही रिक्रूट एकेक करून जात होतो, आपला वाटा उचलत होतो आणि उभ्या उभ्याच चावत होतो. बसायला मनाई होती, कारण बसलं की झोप लागायची आणि झोपायला तर सक्त मनाई होती. एकोणीस वाटे उचलले गेले. विसावा तसाच राहिला आणि मुंग्यांनी त्याचा ताबा घेतला.

"हे कुणाचं रं?" उस्तादांनी विचारलं.

साधा प्रश्न डोक्यात उतरायलाही वेळ लागत होता. जागरणाच्या सरावाचा तो तिसरा दिवस होता. बहात्तर तास डोळा न लावता चालायचं, खंदक खणायचे, तेच बुजवायचे आणि पुन्हा चालायचं. लढाईत झोप मिळत नाही, तेव्हा सवय आत्तापासूनच हवी, असं साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि ते जीपमधून निघून गेले होते. संध्याकाळी पाचला बहात्तर तास भरणार होते. आत्ता दुपारचे सव्वाबारा वाजले होते. मे महिन्याचं ऊन होतं आणि माळावर टाकीची सावली सोडली तर दुसरी सावली नव्हती.

"गिनती कर!" उस्ताद ओरडले.

"एक!" "दो!" "तीन!" आवाज रांगेतून पुढं सरकत आले. "नौ!" झालं. "दस!" मी ओरडलो. माझा नंबर दस होता.

त्यानंतर काहीच नाही.

ग्यारह म्हणजे बिरू मेटकरी. माझा जोडीदार. पलटणीत त्याला बडी म्हणतात. जेवायला बरोबर, पहाऱ्याला बरोबर, शिक्षेलाही बरोबर. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली.

"खोत, बिरू कुठाय?"

"आत्ता होता, उस्ताद."

"कुठं होता?"

"माझ्याफुडंच चालत होता की."

मी खोटं बोलत नव्हतो. त्याची पाठ मला लख्ख आठवत होती. पिशवीला बाहेरून बांधलेला पितळी मग, मानेवर घामाचे ओघळ. सकाळभर मी ती पाठ बघत चाललो होतो.

उस्तादांनी आधी रायफली बघितल्या. चार-चारच्या झुबक्यानं एकमेकींना टेकवून त्या उभ्या केल्या होत्या. पाच झुबके, वीस रायफली. एकीच्या लाकडी दस्त्यावर पांढऱ्या रंगात अकराचा आकडा होता. बिरूचीच.

"रायफल हितं हाय म्हणजे गडी हितंच हाय," उस्ताद म्हणाले. "गेला आसंल आडोशाला. नाहीतर पडला आसंल एखाद्या खड्ड्यात घोरत. हुडका."

दहा मिनिटांपूर्वी टाकीवर पोचताच एक गिनती झाली होती आणि ती वीस भरली होती. त्याआधी बाभळीपाशी, त्याआधी पडक्या खोपटापाशी, सगळीकडं वीस. मग काळजी कशाची? आम्ही टाकीभोवती पांगलो आणि "बिऱ्याऽऽ" म्हणून हाका मारत फिरायला लागलो.

बिरू जत तालुक्यातला धनगराचा मुलगा. सहा फूट उंच, अंगानं काटक. चालायला लावला तर कर्नाटकापर्यंत जाऊन परत येईल. फक्त झोप त्याला आवरायची नाही. मेंढरांमागं काठीवर हनुवटी टेकून उभ्या उभ्या झोपायची त्यांची पिढीजात सवय, आणि इथं काठीच्या जागी रायफल मिळाली होती. पहिल्याच रात्री तो माझ्या कानाशी कुजबुजला होता, "खोता, माझं काय खरं न्हाय गड्या. झोपंत माझं पाय चालत्यात, पण डोळं उघडत न्हाईत."

झोपताना कुणी सापडला तर तो आणि त्याचा बडी, दोघांनाही पुढच्या बॅचला ढकलायचं, असा नियम होता. म्हणजे कसम परेड हुकली, रिक्रूटचा जवान करणारी शपथेची परेड. आणि कसम परेड बारा दिवसांवर आली होती.

माझे वडील याच पलटणीत लांगरी होते. एकवीस वर्षं त्यांनी जवानांच्या चपात्या लाटल्या. परेडच्या दिवशी लांगरी पहाटे तीनपासून भटारखान्यात असतात. बँड त्यांनी एकवीस वर्षं भिंतीपलीकडूनच ऐकला होता. यंदा ते पाहुण्यांच्या खुर्चीवर बसणार होते. त्यासाठी पांढरा कोट शिवून झाला होता आणि तो घालून त्यांनी गावातल्या निम्म्या लोकांना दाखवलाही होता, असं आईनं पत्रातून कळवलं होतं.

म्हणून दुसऱ्या रात्रीपासून मी बिरूचा नंबर द्यायला लागलो. गिनतीच्या वेळी त्याचे डोळे मिटलेले दिसले की "दस" झाल्यावर घसा बसका करून मीच "ग्यारह" म्हणायचो. मी एकटाच हे करत होतो असं नाही. रांगेतली निम्मी पोरं आपापल्या बडीसाठी हेच करत होती. रात्रीच्या अंधारात आवाज कुणाचा कुठून आला हे बघणार कोण? आणि दिवसा उजेडातही उस्ताद आमच्याकडे कमी आणि जमिनीकडे जास्त बघायला लागले होते. आमच्याबरोबर तेही जागेच होते ना.

बिरूला याचं भारी वाटायचं. "आमचा आबा मेंढरं कधी मोजत न्हाय," तो एकदा म्हणाला. "नुस्ता बघतो. दोनशे मेंढरांत एक कमी आसलं तर बघून सांगतो, अमकी न्हाय म्हणून. तुमची गिनती म्हंजे नुस्ता आवाज."

"मग मेंढरंच राखायची की. इथं कशाला आलास?"

"मेंढरांमागं कसम परेड नसती," तो हसत म्हणाला.

जागरणानं माणसाचं काय होतं हे सांगून कुणाला पटत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्यातला एकजण बाभळीला सलाम ठोकून "जय हिंद साहेब" म्हणाला आणि बाभळीनं परत सलाम केला नाही म्हणून रुसला. दुसरा माळावरच्या दगडाला "कंडक्टर, कराड एक" म्हणून तिकीट मागत होता. आम्ही पोट धरून हसलो, आणि हसता हसताच दोघं-तिघं रडायला लागलो. मला स्वतःला माझी आई त्या माळावर मिरच्या वाळत घालताना दिसली होती. मी तिला हाकसुद्धा मारली होती. तरीही मला वाटत होतं, की बाकीच्यांना भास होतात, मला मात्र खरंच दिसतं.

टाकीमागच्या खड्ड्यात वाकून बघत होतो तेव्हा उजव्या खांद्यात कळ आली. हात लावला तर कातडं सोललं होतं. रायफलीच्या पट्ट्यानं. मग डाव्या खांद्यातही आग झाली. तिथंही हात लावला. तिथंही सोललं होतं.

मी रायफल नेहमी उजव्या खांद्याला अडकवतो.

मी सावकाश झुबक्यांपाशी गेलो. बिरूच्या रायफलीचा दस्ता उलटून बघितला. खालच्या कडेला पांढरा चिखल वाळून खडूसारखा झाला होता. तीन दिवसांत आम्ही पांढरा चिखल एकाच ठिकाणी तुडवला होता. सकाळी आठला, ओढ्याच्या डोहापाशी.

आणि मग ते एकदम आठवलं. डोहाकाठची करंजाची सावली. बुटासाठी खाली बसलेला बिरू. "धर की जरा. बुटात खडा गेलाय." मी त्याची रायफल घेतली. तो बूट काढायला वाकला. मग गिनती. "दस." बिरूची मान छातीवर पडलेली. "ग्यारह." मग "चल आगे" असा हुकूम, आणि मी चालायला लागलो. दोन्ही खांद्यांवर दोन रायफली घेऊन. माझ्या पुढच्या माणसाच्या पाठीला बिरूची पाठ समजून. पुढच्या प्रत्येक गिनतीला मीच दस आणि मीच ग्यारह. चार तास. चालता चालता, झोपेत.

बिरू टाकीपर्यंत आलाच नव्हता. तो ओढ्यावर होता.

त्या क्षणी मी ओरडायला हवं होतं. मी ओरडलो नाही. मी तो दस्ता पँटला पुसला. लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. चिखल पुसला आणि रायफल होती तशी उभी केली.

डोक्यात एकच चालू होतं. तो झोपलाय ना, मग उठेल. तहान लागली की उठेल आणि पावलांच्या खुणा बघत येईल. धनगराचा पोर आहे, माळावर हरवायचा नाही. तो येईल, उस्ताद दोन कानाखाली देतील आणि सगळं मिटेल. मी बोललो तर आम्ही दोघंही गेलो. आणि वडील तो कोट घालून एसटीत बसतील.

उस्ताद आमच्याकडे पाठ करून उभे होते, पश्चिमेकडे तोंड करून. हाका मारणं त्यांनी केव्हाच थांबवलं होतं. तिकडं टेकाडावर झेंड्याची काठी होती. मधूनच ते मनगट वर करायचे, मग पुन्हा खाली.

बरोबर एक वाजता त्या काठीवर लाल झेंडा चढला.

लाल झेंड्याचा अर्थ आम्हाला पहिल्या आठवड्यातच शिकवला होता. झेंड्यापलीकडचा माळ म्हणजे गोळीबाराचं मैदान. दोन वाजता तिथं दुसऱ्या एका पलटणीचा मॉर्टरचा, म्हणजे उखळी तोफांचा सराव सुरू होणार होता. आम्ही सकाळी त्याच मैदानातून आलो होतो आणि मोठा फेरा मारून टाकीवर पोचलो होतो. ओढा झेंड्याच्या पलीकडं होता. सरळ रेषेत जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर.

मी उस्तादांपाशी गेलो. कुठला शब्द आधी म्हणायचा हेच सुचेना.

"उस्ताद."

"बोल."

"ग्यारह मी बोलत होतो."

ते वळले. मला वाटलं आता मारतील. त्यांनी मारलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "वड्यापास्नं."

"व्हय. त्या डोहापास्नं त्याची रायफल पण मीच आणली. त्यो तिथंच हाय."

"नक्की?"

नक्की? तीन दिवसांत मला आई दिसली होती, बिरूची पाठ दिसली होती. आता मला करंजाखाली झोपलेला बिरू दिसत होता. यातलं खरं कुठलं हे मी कशावरून ठरवायचं? मी खांद्यावरचं शर्टाचं कापड बाजूला केलं. आधी उजवं, मग डावं. उस्तादांनी दोन्हीकडचं सोललेलं कातडं बघितलं.

"सेट इकडं आण!" ते गरजले.

सेटवाला धावत आला. वायरलेसवरून मैदानाच्या चौकीशी बोलणं सुरू झालं. खरखर, मग आवाज, मग पुन्हा खरखर. उस्ताद त्यात ओरडत होते, "फायर रोको! मेरा आदमी अंदर है!" पलीकडून कुणीतरी विचारलं, खात्री आहे का, कुणी पाहिलंय का. उस्ताद म्हणाले, "मी बघितलंय." मराठीतच म्हणाले, मग हिंदीत. पलीकडून "रुको, पूछते हैं" आलं आणि सेट मुका झाला. बॅटरीही तीन दिवस जागी होती.

उस्तादांनी सेट सेटवाल्याच्या हातात कोंबला. "लागला तर बोलत ऱ्हा. न्हाई लागला तरी बोलत ऱ्हा." मग मला म्हणाले, "पाण्याची बाटली घे. पळ."

आम्ही दोघं पळालो. त्याला पळणं म्हणावं का हे मला माहीत नाही. दोन वेळा मी पळता पळता झोपलो आणि तोंडावर आपटून जागा झालो. उस्तादांनी मला पट्ट्याला धरून उठवलं. एकदा तेच आडवे झाले आणि मी त्यांना उठवलं. ते उठले तेव्हा मला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं हाक मारत होते. लाल झेंड्याच्या काठीजवळून गेलो तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

झेंड्यापलीकडं जुन्या गोळ्यांचे खड्डे होते. त्यांतून वाट काढत जाताना मी फक्त ऐकत होतो. मॉर्टरचा आवाज आधी लांबून दबका येतो, मग मध्ये काही क्षण शांतता असते, मग गोळा पडतो. मी त्या दबक्या आवाजाची वाट बघत होतो. कानात माझंच रक्त ठोके देत होतं आणि प्रत्येक ठोका मला तोच आवाज वाटत होता.

"दोन वाजलं," उस्ताद म्हणाले. आम्ही ओढ्याच्या काठावर उभे होतो.

आवाज आला नाही. सेट लागला होता, की तिकडची पलटणच उशिरा आली होती, ते तेव्हा कळलं नाही; सेट लागला होता, हे मागाहून चौकशीत कळलं. आम्ही घसरत खाली उतरलो.

करंजाखाली तो बसला होता. पाठ बुंध्याला, एक पाय बुटात, एक उघडा. काढलेला बूट त्यानं मांडीवर उताणा धरला होता आणि त्यातून अजून खडा पडायचा होता. तोंडावर माशा बसल्या होत्या. तो हलत नव्हता. मी तिथंच थांबलो. मला पुढं जाववेना.

उस्ताद गेले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून गदागदा हलवलं.

बिरू ताडकन उठला, एका पायात बूट, छाती पुढं, डोळे मिटलेलेच, आणि सगळा ओढा दणाणेल असा ओरडला, "ग्यारह!"

उस्ताद मटकन चिखलात बसले. आधी मला वाटलं ते हसतायत. मग लक्षात आलं की हसत नाहीत.

चौकशी झाली. चौकशीच्या आदल्या दिवशी उस्तादांनी मला बराकीमागं बोलावलं. मी खरं काय ते सांगणार आहे, असं मी म्हणालो.

"काय सांगणार?"

"नंबर मी दिला. रायफल मी आणली."

"तू काय बी केलं न्हाईस. सकाळच्याला मी गिनती घेतलीच न्हाई. वड्यापास्नं टाकीपतूर एकदाबी न्हाई. बिऱ्याला चक्कर आली म्हणून मीच झोपवला, रायफल मी तुला उचलाय लावली. समजलं?"

"पन उस्ताद, गिनती तर चार वेळा..."

"खोत. मी काय म्हणलो?"

"समजलं, उस्ताद."

सगळ्या रांगेनं तेच सांगितलं. गिनती झालीच नाही. एवढ्या पोरांना कधी पढवून ठेवलं, देव जाणे. हवालदार डुबलांची नायब सुभेदारकी त्या वर्षी व्हायची होती, ती गेली, आणि पुढं कधीच झाली नाही. ते हवालदार म्हणूनच घरी गेले. मी आणि बिरू बारा दिवसांनी परेडच्या मैदानावर उभे राहिलो. वडील पुढच्या रांगेत पांढऱ्या कोटात बसले होते. मी हात वर करून कसम खाल्ली आणि खाताना माझा आवाज चिरकला. वडिलांना वाटलं, पोराचा ऊर भरून आला.

पुढं नोकरीत मीही उस्ताद झालो. माझ्या पोरांची गिनती मी कधी कानानं घेतली नाही. रांगेतून चालत जायचो आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचो. माझ्यामागं पोरं मला मेंढपाळ म्हणायची.

बत्तीस वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात मी उस्तादांच्या गावी गेलो. कराडपासून पुढं, नदीकाठचं गाव. भर दुपारी पोचलो. उस्ताद सोप्यात खाटेवर बसून शेंगा फोडत होते. केस पांढरे, पाठ तशीच ताठ.

"खोत सुभेदार आलं गं," त्यांनी आत हाक दिली. "च्या टाक. माझ्यापेक्षा मोठा साहेब हाय त्यो आता." मग मला म्हणाले, "बस. आता बसाय मनाई न्हाई."

"झोपत न्हाईत बघा," काकू चहा देताना म्हणाल्या. "रातभर सोप्यात फेऱ्या. दुपारी बी डोळा लावत न्हाईत. तुमी तरी सांगा."

त्या आत गेल्यावर मी चहा बाजूला ठेवला. इतकी वर्षं घोकून ठेवलेलं मला एका दमात बोलायचं होतं.

"उस्ताद, त्या दिवशी मला आधीच कळलं होतं. मी रायफलीचा चिखल पुसला आणि गप्प राहिलो. कसम परेडसाठी. वीस मिनिटं. झेंडा चढला म्हणून बोललो, नाहीतर..."

उस्ताद शेंग फोडायचे थांबले.

"वीस न्हवं," ते म्हणाले. "पंचवीस. मी घड्याळ बघत हुतो."

मी बसल्या जागी पुढं सरकलो.

"वड्यावर तू ग्यारह म्हणलास, तवा मी तुझ्या तोंडाकडंच बघत हुतो. त्ये पोरगं मान टाकून बसलेलं बी दिसलं. म्हणलं, दोन मिनटं डोळा लावतंय, लावू दे. बडी त्याला उठवंल. आन् चल आगे म्हणलो. मी म्हागं वळून बघितलं न्हाई. फुडच्या गिनत्या मी पन झोपंतच घेतल्या आसतील, त्या मला ठाव न्हाईत. पन टाकीवर वाटा उरला तवा मला पैल्यांदा वडाच आठवला."

वड्यापास्नं. मी काही सांगायच्या आत ते म्हणाले होते. इतक्या वर्षांत तो शब्द मला हजार वेळा आठवला होता आणि एकदाही मी थांबून विचार केला नव्हता, की त्यांना कसं माहीत.

"मग तुम्ही..."

"माझी नायब सुभेदारकी हुती त्या सालात. म्हणलं, रायफल हितं हाय, म्हंजे आला आसंल. मनाला समजावत हुबा ऱ्हायलो. तू चिखल पुसत हुतास, त्ये मला दिसलं, आन् मी घड्याळ बघत हुतो." त्यांनी हातातली शेंग परत सुपात टाकली. "फरक एवडाच, तू येऊन बोललास. मी न्हाई बोललो. मग चौकशीत मार कुणी खायाचा?"

"मी आलो नसतो तर तुम्ही बोलला असता, उस्ताद. दोन वाजायच्या आत नक्की बोलला असता."

त्यांनी सुपातली टरफलं एका बाजूला सारली.

"त्येच तर मला ठाव न्हाई," ते म्हणाले. "रोज इचारतो. बत्तीस वरसं झाली."

मी उठून त्यांच्या शेजारी खाटेवर बसलो. आम्ही दोघं सुपातल्या शेंगा फोडत राहिलो, खाल्ल्या मात्र कुणीच नाहीत. मग तेच म्हणाले, "बिऱ्या काय करतोय?"

"रिटायर होऊन परत मेंढरांमागं. आपण दोघं गप्प राहिलो होतो, हे त्याला अजून ठाऊक नाही. परवा भेटला तेव्हा म्हणाला, तसली झोप आयुष्यात पुन्हा लागली नाही."

"लाव की फोन."

मी फोन लावला आणि स्पीकर सुरू करून दोघांच्या मध्ये धरला. पलीकडून बिरूच्या बायकोचा आवाज आला. मागं मेंढरं ओरडत होती.

"त्येनी झोपल्यात की," ती म्हणाली. "बाभळीखाली, काठीवर हनवटी ठेवून. उठवू का?"

मी तोंड उघडायच्या आत उस्तादांनी माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला.

"नगं, नगं," ते म्हणाले. "उठवू नगंस त्याला. झोपू दे."

फोन बंद झाल्यावरही त्यांनी तो मला परत दिला नाही. दोन्ही हातांत धरून ते तसेच बसून राहिले.